हवामान नकाशातल्या बिनआकड्यांच्या रेषा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विषय : हवामान नकाशातील रेषांवर त्यांची मूल्ये छापण्याबाबत.

आपल्या दैनिकात मे महिन्यापासून परतीचा पाऊस सरेपर्यंत हवामानाचा नकाशा नियमाने येतो. खानदेशातल्या वाचकाला तो हवाच असतो आणि तो बंद करावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझी तक्रार त्यावरच्या रेषांविषयी आहे. या वळणदार रेषा तापमानाच्या असोत, वायुभाराच्या असोत वा पावसाच्या, मी कापून ठेवलेल्या नकाशांपैकी बहुतेकांत त्यांच्यावर एकही आकडा नाही. काही नकाशांत आकडा आहे, पण भिंग लावूनही तो तीन आहे की आठ, हे ठरवता येत नाही.

मी अमळनेर तालुक्यात राहतो. नोकरीची सारी वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात गेली आणि त्यांतला मोठा भाग प्रात्यक्षिकांच्या वर्गात गेला. पुण्याहून निघणाऱ्या भारतीय दैनिक हवामान अहवालाचे नकाशे आम्ही मुलांपुढे ठेवत असू. त्यांवर समदाब रेषा, म्हणजे सारख्या वायुभाराची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दोन-दोन मिलिबारच्या (मिलिबार हे वायुभाराचे एकक) अंतराने काढलेल्या असत. (आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘समभार रेषा’च येते, पण पाठ्यपुस्तकाशी भांडण्याचे माझे वय राहिलेले नाही.) रेषा उघडी असेल, म्हणजे नकाशाच्या कडेला जाऊन संपत असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना आकडा लिहायचा आणि ती स्वतःभोवती फिरून बंद होत असेल तर एका जागी किंचित तोडून त्या फटीत आकडा बसवायचा, असा आमचा दंडक होता. सुरेख रेषा काढून आकडा विसरणाऱ्या मुलाला मी त्या रेषेचा गुण देत नसे आणि त्यापायी मुले मला खडूस म्हणत, हेही माझ्या कानावर होते.

हे पत्र लिहायला निमित्त झाले ते जूनमधल्या एका सकाळचे. माझ्या नात्यातले एक शेतकरी वर्तमानपत्राचा अंक घेऊन ओट्यावर आले आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘गुरुजी, ह्या रेघा काय सांगतस? पानी कितला येई?’’ नकाशावर येत्या पाच दिवसांतील पाऊस असा मथळा होता. तापीच्या खोऱ्यावर एकात एक अशा तीन बंद रेषा होत्या आणि सगळ्यात आतली रेषा अमळनेर आणि पारोळा यांना कवेत घेत होती. कड्यात कडे म्हणजे मधोमध पावसाचा जोर, असा अर्थ त्यांनी लावला होता आणि त्या भरवशावर आदल्या दोन दिवसांत चार एकर कपाशीची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीतली पेरणी, उरकलीही होती.

हा अर्थ लावण्यात त्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. आतली रेषा बाहेरच्या रेषेपेक्षा जास्त पावसाची असू शकते, तशीच कमी पावसाचीही असू शकते. समोच्च रेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशावर टेकडी आणि खळगा दोन्ही एकात एक कड्यांनीच दाखवतात आणि त्यांतली टेकडी कोणती, हे आकडे वाचल्यावरच कळते. मी मोबाइलवर त्याच दिवसाचा, त्याच पाच दिवसांचा दुसरा एक नकाशा शोधून काढला. त्याचा आकार जवळजवळ तोच होता, पण त्यावर आकडे होते. बाहेरची रेषा ५० मिलिमीटरची, मधली ३५ ची आणि आतली २० ची. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगांकडे बरा पाऊस होता आणि मधल्या खोऱ्यात, आमच्या डोक्यावर, सर्वांत कमी. खानदेशाची ठेवण पाहता यात नवल काही नाही. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा हा पट्टा पावसाच्या बाबतीत नेहमीच हात आखडता घेणारा. पण ज्याच्या हातात बिनआकड्यांचा नकाशा आहे, त्याला तो नेमका उलटे सांगून गेला.

पेरणीयोग्य पाऊस म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, त्याआधी पेरणीची घाई करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगत असतो. तेव्हा शेतकऱ्याच्या दृष्टीने पाच दिवसांच्या पर्जन्य नकाशात महत्त्वाची रेषा एकच, ७५ ची. ती आपल्या शिवाराच्या अलीकडे आहे की पलीकडे, आणि मुळात नकाशावर आहे की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. आमच्या या नातेवाइकांना दुबार पेरणी करावी लागली. तो सगळा दोष नकाशाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शेजारच्या बांधावर तिफण दिसली की आपलाही हात शिवशिवतो, हे कारण होतेच. पण निर्णयाला आधार म्हणून त्यांनी जो कागद पुढे केला, तो वर्तमानपत्राचा होता.

असे नकाशे आता कोणी हाताने काढत नाही. ते काढण्यासाठी ग्रॅड्स, जीएमटी, क्यूजीआयएस, पायथन भाषेतले मॅटप्लॉटलिब अशी साधने आहेत आणि ही सारी विनामूल्य मिळतात. निवृत्तीनंतर पुतण्याच्या संगणकावर मी त्यांतली दोन शिकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आकडे कुठे हरवतात, हे मला थोडेफार उमगले. ग्रॅड्समध्ये रेषांवरचे आकडे चालू-बंद करण्यासाठी ‘सीलॅब’ नावाची आज्ञा आहे; किती रेषा सोडून आकडा द्यायचा, हे ‘सीएलस्किप’ने ठरते आणि रेषा किती अंतराने काढायच्या, हे ‘सीइंट’ने. मॅटप्लॉटलिबमध्ये तर रेषा काढण्याची आज्ञा एक आणि तिच्यावर आकडे बसवण्याची आज्ञा दुसरी. ही दुसरी ओळ लिहायची राहिली तर नकाशा मुकाट्याने बिनआकड्यांचा निघतो आणि काही राहून गेले, असे संगणक सांगतही नाही. एका ओळीचा हा प्रश्न आहे, हे कळल्यावर मला आधी हायसे वाटले आणि मग थोडा रागही आला.

पण ती ओळ लिहिली म्हणजे काम संपते, असेही नाही. माझ्या अंदाजाने आपल्या नकाशांतले निम्मे आकडे काढले जातात आणि नंतर हरवतात. कारण नकाशा साऱ्या देशाचा काढलेला असतो. संगणक एका लांबलचक रेषेवर आकड्यासाठी जागा शोधताना रेषेचा त्यातल्या त्यात सरळ तुकडा निवडतो. राजस्थानातून निघून ओडिशापर्यंत गेलेल्या रेषेवर तो तुकडा जोधपूरजवळ असेल, रायपूरजवळ असेल. तो जळगाव-धुळ्यावरच असावा, अशी संगणकाला काही गरज नसते. मग त्या देशव्यापी नकाशातून उत्तर महाराष्ट्राचा चौकोन कापून पानावर लावला जातो. कात्रीत रेषा येते आणि आकडा जोधपूरलाच राहतो. यावर उपाय म्हणजे आधी प्रदेशाची चौकट ठरवायची, तेवढ्याच चौकटीत रेषा काढायच्या आणि मग आकडे बसवायचे. तयार चित्र कापण्याऐवजी नकाशा त्या चौकटीत नव्याने काढला, तर संगणकाला आकड्यांची जागा खानदेशातच शोधावी लागते.

याहून अवघड आणि माझ्या मते अधिक घातक गोष्ट लहान कड्यांची आहे. रेषेची लांबी आकड्याच्या रुंदीच्या मानाने फार कमी असेल, तर बहुतेक साधने त्या रेषेवर आकडा टाकतच नाहीत, कारण आकड्यासाठी रेषा तोडली तर रेषाच उरणार नाही. चित्रकलेच्या दृष्टीने हे रास्त आहे. हवामानाच्या दृष्टीने मात्र सगळ्यात लहान कडे म्हणजेच सगळ्यात तीव्र जागा. मे महिन्यात भुसावळभोवती पडलेले समताप रेषेचे छोटेसे वर्तुळ, नवापूरच्या डोंगरांत एका रात्रीत कोसळलेल्या पावसाचे कडे, बंगालच्या उपसागरातून मध्य प्रदेशमार्गे सरकत आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा गाभा, या साऱ्या गोष्टी नकाशावर नखाएवढ्या असतात. वाचकाला ज्यांची किंमत कळायला हवी, नेमक्या त्याच रेषा संगणक बिनआकड्यांच्या सोडतो आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या, कोणाचे काही न अडणाऱ्या रेषेवर चार ठिकाणी आकडा लिहितो. हाताने नकाशा काढणारा असे कधी करत नसे. तो लहान कड्याच्या मधोमध एक ठिपका देऊन शेजारी तिथले कमाल किंवा किमान मूल्य लिहून मोकळा होई. संगणकाकडूनही हे करून घेता येते. त्यासाठी त्या चौकटीतले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान मूल्य कुठे आहे, हे शोधून तेवढे दोन आकडे वेगळे छापावे लागतात. गरज पडली तर आकड्यांच्या जागा माणसाने स्वतः निवडण्याची सोयही या साधनांत असते. नकाशा छापण्यापूर्वी कोणी तरी दोन मिनिटे त्याकडे पाहावे लागेल, एवढाच त्यातला त्रास.

तिसरे कारण आकाराचे, त्यावर फार लिहीत नाही. संगणकाच्या पडद्याएवढा काढलेला नकाशा दोन स्तंभांच्या रुंदीत बसवला की आकडा मुंगीएवढा होतो, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरतेच. आकडा छापील मापात मोजूनच ठरवायला हवा. त्याच्याभोवती पांढरी किनार दिली तर रेषेच्या गर्दीतही तो उठून दिसतो.

आता रेषा कोणत्या मूल्यांच्या काढायच्या, याकडे वळतो, कारण आकडा छापूनही नकाशा निरुपयोगी ठरू शकतो. अंतर सांगितले नाही तर संगणक आपल्या सोयीचे गोल आकडे स्वतः निवडतो. समजा, त्याने समताप रेषा चार-चार अंशांच्या काढल्या. मग नकाशावर ३६, ४०, ४४, ४८ या रेषा येतील. मेच्या मध्यावर सारा खानदेश ४४ आणि ४८ यांच्या मधे पडेल आणि जळगावला ४४.५ अंश आहे की ४६.५, हे नकाशा सांगणार नाही. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट आणि ६.४ अंशांहून जास्त फरक असेल तर तीव्र लाट समजतात. शिवाय सरासरी काहीही असो, प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले तर लाट आणि ४७ वर गेले तर तीव्र लाट. म्हणजे आपल्या जिल्ह्यांसाठी ४०, ४५ आणि ४७ या रेषा कायम असायला हव्यात. मग बाकीच्या काढा वा न काढा. पावसाचेही तसेच. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस धरला जातो. इशाऱ्याच्या बातमीत हे शब्द येतात आणि शेजारच्या नकाशावर रेषा असतात ५०, १०० आणि १५० च्या, तेव्हा बातमी आणि नकाशा एकमेकांशी बोलत नाहीत. रेषांची मूल्ये हाताने नेमून देण्याची सोय प्रत्येक साधनात आहे.

अंतर संगणकावर सोडण्यात आणखी एक फसगत आहे, ती माझ्याही उशिरा लक्षात आली. काल रेषा पाच-पाच मिलिमीटरच्या होत्या आणि आज वीस-वीसच्या, असे आपोआप घडू शकते, कारण त्या दिवशीच्या आकड्यांच्या पसाऱ्यावरून संगणक अंतर बदलतो. आकडे नसतील तर वाचक रेषांची दाटी मोजतो. त्याला कालचा विरळ शिडकावा आजच्या मुसळधार पावसाइतकाच दाट दिसतो आणि दोन दिवसांचे नकाशे शेजारी ठेवून पाहण्याची जी चांगली सवय वाचकाला लागायला हवी, ती त्याला फसवू लागते. समदाब रेषांच्या बाबतीत तर दाटीवरूनच वाऱ्याचा वेग ओळखतात. रेषा जवळ-जवळ म्हणजे दाबातला उतार तीव्र आणि वारा जोराचा. पण हे मोजमाप रेषांमधले अंतर ठरलेले असेल तरच चालते. आपल्याकडे दोन मिलिबार, जगात इतरत्र बहुधा चार, असे अंतर हवामानशास्त्रज्ञांनी ठरवून घेतले आहे ते उगाच नाही. मिलिबार म्हणा की हेक्टोपास्कल, आकडा तोच राहतो, एवढे मात्र वाचकाला एकदा सांगून टाकावे.

आकड्यामागचे एकक हा तर रावेर-यावलच्या केळी बागायतदारांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात तिथे घडाला आलेल्या बागा आडव्या होतात, त्यामुळे वाऱ्याचा नकाशा तिथले लोक बारकाईने पाहतात. समजा, समवेग रेषेवर आकडा आहे २०. हे ताशी किलोमीटर असतील तर केळीची पाने हलतील, फार तर फाटतील. हे नॉट असतील तर ताशी ३७ किलोमीटर झाले आणि कच्च्या आधाराची झाडे धोक्यात आली. आणि सेकंदाला २० मीटर असतील तर ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे बाग उरणे कठीण. परदेशी संकेतस्थळांवरून घेतलेल्या नकाशांत ही तिन्ही एकके आढळतात. आकडा छापला पण एकक नाही, अशा नकाशावर भरवसा ठेवण्यापेक्षा आभाळाकडे पाहिलेले बरे.

तीच गोष्ट काळाची. आपल्याकडे पावसाची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. पाच दिवसांचा एकूण ५० मिलिमीटर आणि एका दिवसाचा ५० मिलिमीटर यांत पिकाच्या दृष्टीने किती फरक आहे, हे मी शेतकरी वाचकांना सांगायला नको. सरासरीपासूनच्या फरकाचा नकाशा असेल तर आकड्याआधीचे उणे चिन्ह गळून चालणार नाही. उणे २० टक्के म्हणजे तुटीची सुरुवात आणि अधिक २० टक्के म्हणजे जादा पावसाची. असल्या नकाशात शून्याची रेषा जाड आणि उण्या मूल्यांच्या रेषा तुटक काढण्याचा प्रघात आहे, तो पाळला तर निम्मा नकाशा आकडे न वाचताही कळेल. वरच्या थरांचे नकाशे वर्तमानपत्रात क्वचित येतात, पण भ्रमणध्वनीवरच्या गटांतून ते फिरत असतात, म्हणून एवढेच नमूद करतो की ५०० हेक्टोपास्कलच्या, म्हणजे हवेचा दाब जिथे तेवढा उतरतो त्या पातळीच्या, नकाशावर ५८८ असा आकडा दिसला तर तो दाब नव्हे. ती त्या पातळीची दहा-दहा मीटरांत मोजलेली उंची असते, म्हणजे ५,८८० मीटर.

रंग असताना आकडे कशाला, असे आपले पृष्ठरचनाकार म्हणतील. रंगपट्टी पहिल्या पानावर ठीक, पण आतली पाने आमच्याकडे येणाऱ्या आवृत्तीत काळी-पांढरी असतात आणि तिथे पिवळा, नारिंगी, हिरवा हे सारे एकाच राखाडीच्या छटा होतात. शिवाय लाल आणि हिरवा वेगळे न ओळखणारे वाचक, विशेषतः पुरुषांत, थोडे नाहीत.

आकडे मराठीत असावेत, असा माझा आग्रह आहे, पण तो दुराग्रह नाही. देवनागरी अंक संगणकाला अवघड नाहीत. योग्य टंक दिला की प्रत्येक अंक सुटा बसतो, न दिल्यास आकड्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. खरी अडचण शब्दांची. वेलांटी-जोडाक्षरे जुळवणे काही साधनांना जमत नाही आणि ‘मिलिमीटर’मधली पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. अशा वेळी रेषेवर फक्त अंक ठेवावा आणि एकक नकाशाखालच्या ओळीत आपल्या नेहमीच्या टंकात जुळवावे. आकड्याची दिशाही पाहावी. भूमापनाच्या नकाशांत समोच्च रेषेवरचा आकडा चढाकडे डोके करून लिहिण्याची पद्धत आहे, त्यामुळे काही आकडे वाचणाऱ्याला उलटे दिसतात. ती पद्धत इथे आणली तर इंग्रजी अंकांतले ९९८ उलटे होऊन ८६६ वाचले जाईल. ८६६ मिलिबारचे वादळ पृथ्वीवर अजून नोंदले गेलेले नाही, त्यामुळे जाणकार हसून सोडून देईल, पण सगळेच वाचक जाणकार नसतात.

एवढे आकडे टाकले तर नकाशा बोजड होईल, ही शंका मला मान्य आहे. प्रत्येक रेषेवर आकडा हवाच असे नाही. भूमापनाच्या नकाशात दर पाचवी रेषा जाड असते आणि आकडा बहुधा तिच्यावर असतो. मधल्या रेषा वाचक स्वतः मोजतो. खानदेशाच्या चौकटीत पाच-सहा रेषा येतील, त्यांत एकाआड एक आकडा पुरे, पण लहान कड्यांना ही सवलत नको. रेषाच कमी काढल्या तर आणखी उत्तम. हवामानाचा अंदाज काढणाऱ्या ज्या जागतिक संगणकी प्रारूपाची जाळी सुमारे २५ किलोमीटरची आहे, म्हणजे जे साधारण तेवढ्या अंतरावर एकेक आकडा देते, त्याच्या आकड्यांवरून अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या समताप रेषा काढून चोपडा आणि यावल यांच्यामध्ये तीन वळणे दाखवणे, हा नुसता देखावा आहे. भारत फोरकास्ट सिस्टीम हे सहा किलोमीटर जाळीचे प्रारूप २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाले, त्याने तपशील वाढेल, आणि तेव्हा तर कोणती रेषा ठेवायची आणि कोणती गाळायची, हे ठरवणे जास्तच गरजेचे होईल.

आणि बोजडपणाचेच म्हणाल, तर वर्तमानपत्रातला नकाशा पहिल्यापासून आकड्यांसकट आहे. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये १ एप्रिल १८७५ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी तयार केलेला आदल्या दिवसाचा हवामान नकाशा छापून आला. त्यात वायुभार ठिपक्यांच्या रेषांनी दाखवला होता आणि रेषेच्या टोकाला त्या भाराचा आकडा दिलेला होता. नकाशाचा ठसा तयार करण्याची यातायात पाहता त्या काळी आकडे गाळायला सबब चांगली होती. त्याच वर्षी भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. दीडशे वर्षांनंतर, एका आज्ञेने आकडे उमटवणारा संगणक हाताशी असताना, आपण मागे का जावे, हे मला समजत नाही.

माझी विनंती म्हणून इतकीच आहे की आपल्या उत्तर महाराष्ट्र आवृत्तीसाठी नकाशा कापून न घेता तापीच्या खोऱ्याच्या चौकटीत काढून घ्यावा. त्यात तापमानाच्या ४०, ४५, ४७ आणि पाच दिवसांच्या पावसाच्या २५, ५०, ७५, १०० या रेषा ठरवून द्याव्यात. एकक, कालावधी आणि नकाशा कोणत्या दिवशी किती वाजताच्या माहितीवर काढला, हे खालच्या एका ओळीत यावे. हा नकाशा तयार करण्याचे काम आपण बाहेरून करून घेत असाल, तर तसे त्यांना कळवावे. आपल्याच कार्यालयात होत असेल, तर छपाईला जाण्यापूर्वी त्याची एक प्रत दोन स्तंभांच्या मापात साध्या काळ्या शाईत काढून हातभर अंतरावरून कोणाला तरी वाचायला लावावी. अमळनेरवरून कितीची रेषा जाते, एवढाच प्रश्न त्याला विचारावा. उत्तर आले नाही, तर त्या दिवशी नकाशाऐवजी तालुक्यांची नावे आणि त्यांपुढे अपेक्षित पावसाचे आकडे असा साधा तक्ता छापला तरी माझी काही हरकत नाही. आमच्या नातेवाइकांना तो नकाशापेक्षा जास्त आवडेल, असा माझा कयास आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. अमळनेर, जि. जळगाव